रात्रीचा आवाज : सर एडवर्ड अ‍ॅपलटन
(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने शास्त्रज्ञाचे चरित्र लिहावे याचे माझ्या काही मित्रांना हसू आले. वार्षिकासाठी मी कविता देईन अशी त्यांची कल्पना होती. परंतु ज्या माणसाविषयी मी लिहीत आहे त्याचा आमच्या घराशी एक जुना संबंध आहे. त्याला स्वतःला तो ठाऊक असण्याचे कारण नाही. तो सांगितल्याशिवाय चरित्राला हात घालणे मला जमणार नाही, तेव्हा वाचकांनी एवढे सांभाळून घ्यावे.

आमचे घर रोह्याजवळच्या एका खेड्यात आहे. मी सकाळच्या गाडीने पेणला कॉलेजात येतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आजोबा तिसरीपर्यंत शिकलेले. पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात ते रंगकाम करीत. पुढे हात बसल्यावर मालकांनी त्यांच्याकडे आखणी सोपवली. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणे. बाकी सगळी मूर्ती कितीही देखणी उतरली तरी डोळा चुकला की ती गेली, म्हणून हे काम कोणालाही देत नाहीत. मोसमात आजोबा महिना महिना पेणलाच राहत, कारण कामे रात्रभर चालत. एका बऱ्या मोसमाच्या पैशातून त्यांनी एक ट्रान्झिस्टर घेतला आणि त्याला तांब्याची लांब तार जोडून ती कारखान्यामागच्या नारळावर टाकली. दिवसा त्यावर मुंबई लागे. रात्री मात्र काटा फिरवला की कन्नड, तमिळ, अरबी, फारसी अशा कितीतरी भाषा एकमेकींवर चढून येत.

माझे काका तेव्हा कुवेतला ड्रायव्हर होते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकच्या फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि काकांचे पत्र येणे थांबले. फोनही लागेना. गणपती तोंडावर आलेले, कारखान्यात मूर्तींच्या रांगा लागलेल्या. रात्री अकरानंतर आजोबा ब्रश बाजूला ठेवून काटा फिरवीत बसत. अरबी वाटेल असा आवाज सापडला की त्याला कान लावीत. आवाज चांगला भरून येई आणि नेमका मधेच विरून जाई. मग ते तार हलवीत, डबा फिरवीत, सेल काढून पुन्हा घालीत. शेजारच्या मोहल्ल्यातले एक वृद्ध गृहस्थ त्यांच्या ओळखीचे होते. रात्रीची नमाज झाली की ते येऊन बसत. आठ दिवस आजोबा ज्या केंद्राला कुवेत समजून धरून बसले होते ते फारसी बोलणारे, म्हणजे इराणचे असावे, असे त्यांनी सांगितले तेव्हा आजोबा हसले म्हणे. पण त्या आठवड्यात त्यांचा हात इतका कापू लागला की मालकांना आखणी दुसऱ्याकडे द्यावी लागली.

काका सुखरूप परत आले. कुवेतमधल्या लाखाहून अधिक भारतीयांना त्या वर्षी विमानांनी आणले गेले, त्यांत वाळवंट ओलांडून जॉर्डनमधील अम्मानला पोचलेल्या मंडळींत ते होते. ही हकीकत माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची. मी ती आजीकडून ऐकली. मला कळत्या वयापासून दिसले ते एवढेच, की आजोबा रात्री रेडिओ लावीत आणि न समजणारी भाषा ऐकत बसत. हे आवाज दिवसा कुठे जातात, असे मी त्यांना विचारी. रात्री समुद्र निजतो, म्हणून पलीकडचे ऐकू येते, असे त्यांचे उत्तर असे. शाळेत विचारले तर रात्री हवा थंड असते असे कोणीतरी सांगितले. आजोबांचे उत्तर मला जास्त आवडे. दोन्ही चूक होती हे मला गेल्या वर्षी, कॉलेजच्या ग्रंथालयात विश्वकोशाचा खंड चाळताना कळले. तेथे आयनांबर हा शब्द भेटला, आणि त्या शब्दामागून एडवर्ड अ‍ॅपलटन हे नाव.

एडवर्ड व्हिक्टर अ‍ॅपलटन यांचा जन्म ६ सप्टेंबर १८९२ रोजी इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड या गावी झाला. ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचे गाव. वडील गोदामात नोकरीला होते. अशा घरातल्या मुलाने शाळा संपवून गिरणीची वाट धरावी हा तेथला सरधोपट रिवाज. एडवर्ड शिष्यवृत्त्या मिळवीत पुढे सरकला. सोळाव्या वर्षी लंडन विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा तो उत्तीर्ण झाला आणि १९११ मध्ये केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाला. तेथे पदार्थविज्ञानात पहिला वर्ग मिळवला. संशोधनाला आरंभ केला न केला तोच १९१४ चे महायुद्ध सुरू झाले.

त्या युद्धाने त्यांच्या आयुष्याला वळण दिले. सैन्यात त्यांच्याकडे संदेशवहनाचे काम आले. तोपर्यंत बिनतारी यंत्रणा बाल्यावस्थेतच होती. निर्वात नळ्या, ज्यांना आपल्याकडे जुने लोक व्हॉल्व्ह म्हणतात, त्या नुकत्याच वापरात येत होत्या. दुरून येणारा संदेश कधी ठणठणीत ऐकू यावा, कधी अंधुक व्हावा, असे का घडते हा प्रश्न घेऊन ते १९१९ मध्ये केंब्रिजला परतले. प्रयोगशाळेचे प्रमुख तेव्हा रदरफर्ड होते. अणूच्या अंतरंगाचा शोध ऐन भरात होता आणि हुशार विद्यार्थी तिकडे धावत होते. अ‍ॅपलटन मात्र रेडिओच्या खरखरीत रमले. मला त्यांचा हा हट्ट फार मोलाचा वाटतो.

येथे थोडे मागे जावे लागेल. १९०१ च्या डिसेंबरात मार्कोनी यांनी इंग्लंडच्या टोकावरून निघालेला बिनतारी संदेश अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंड बेटावर ऐकल्याचे जाहीर केले. गणिती लोक बुचकळ्यात पडले. रेडिओची लहर प्रकाशासारखी सरळ जाते आणि पृथ्वी तर गोल. मग ती समुद्राची पाठ ओलांडून वळली कशी? १९०२ च्या फेब्रुवारीत मार्कोनी स्वतः बोटीने अमेरिकेकडे निघाले आणि वाटेत त्यांनी ऐकण्याचा प्रयोग केला. दिवसा सातएकशे मैलांपलीकडे काही ऐकू येईना; रात्री पंधराशे मैलांवरही पुरा संदेश वाचता येई. रात्रीचा हा चमत्कार प्रथम नीट नोंदला गेला तो तेव्हा. त्याच वर्षी अमेरिकेत केनेली आणि इंग्लंडमध्ये हेविसाइड या दोघांनी स्वतंत्रपणे तर्क केला, की वातावरणात फार उंचावर विजेचे वहन करणारा एखादा थर असावा आणि तो लहरींना परत खाली वळवीत असावा. यातील हेविसाइड हे सोळाव्या वर्षी शाळा सोडलेले आणि कानांनी अधू असे गृहस्थ. तर्क उत्तम होता, परंतु थर कोणी पाहिला नव्हता. पुढे वीस वर्षे तो तर्कच राहिला.

दरम्यान हौशी रेडिओवाल्यांनी मोठी गंमत केली. अमेरिकेत १९१२ च्या कायद्याने हौशी लोकांना २०० मीटर व त्याहून आखूड लहरी दिल्या होत्या, त्या दूरच्या कामाला निरुपयोगी अशी समजूत होती म्हणून. १९२१ च्या डिसेंबरात पॉल गॉडली नावाचा अमेरिकन स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आर्ड्रोसन येथे तंबू ठोकून बसला. थंडीपावसात, लांबलचक तार ताणून, रात्रीमागून रात्री त्याने कान लावले. आणि अटलांटिकपलीकडच्या आपल्या हौशी बांधवांचे संदेश त्याला खरोखर ऐकू आले. त्या लहरींची लांबी सुमारे २३० मीटर, म्हणजे आपल्या मध्यम लहरींमधलीच. आजोबांच्या ट्रान्झिस्टरचा काटा पट्टीच्या उजव्या बाजूकडे सरकला की तेच ठिकाण येते. आजही जगभरचे हौशी लोक १६० मीटरच्या पट्ट्यावर आणि त्याहूनही लांब लहरींवर हिवाळ्याच्या रात्री असेच जागत बसतात. दिवसा तो पट्टा जवळपासच्या गप्पांपुरता असतो. सूर्य मावळला की समुद्र ओलांडतो. थोडक्यात, रात्री दूरचे येते हे सर्वांना ठाऊक होते. का येते, हे सिद्ध करून दाखवणारा माणूस हवा होता.

बी.बी.सी.चे प्रक्षेपण १९२२ मध्ये सुरू झाले आणि अ‍ॅपलटन यांना हवे ते साधन आयते मिळाले. केंब्रिजला बसून त्यांनी लंडन केंद्राच्या आवाजाची ताकद मोजली. दिवसभर ती एकसारखी राही. अंधार पडला की वरखाली होऊ लागे. ऐकणाऱ्या सामान्य माणसाला ही कटकटच. त्यांना मात्र या भरण्या-विरण्यातच उत्तर लपले असल्याचे जाणवले. त्यांचा विचार असा होता. समजा, पेणहून रोह्याला दोन लाटा निघाल्या. एक जमिनीलगत नीट वाटेने आली आणि दुसरी वर आभाळाला टेकून खाली उतरली. दुसरीची वाट लांब, म्हणून ती थोडी मागाहून पोचणार. दोघींचे माथे एकावर एक पडले तर आवाज भरेल. एकीचा माथा आणि दुसरीचा खळगा जुळला तर दोघी एकमेकींना खाऊन टाकतील आणि आवाज विरेल. धरमतरच्या खाडीत दोन होड्यांच्या लाटा मिळतात तेथे हे कोणालाही बघता येते. रात्री आवाज भरतो-विरतो याचा अर्थ दुसरी लाट आहे. आणि दुसरी लाट आहे याचा अर्थ वर आरसा आहे.

पण आरसा किती उंच? १९२४ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी अ‍ॅपलटन लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्राध्यापक झाले. त्याच वर्षी ११ डिसेंबरच्या रात्री त्यांनी आपला न्यूझीलंडचा विद्यार्थी माइल्स बार्नेट याच्यासह तो प्रसिद्ध प्रयोग केला. बोर्नमथ येथील बी.बी.सी.चे केंद्र रोजचे कार्यक्रम संपल्यावर त्यांना मिळाले होते. तेथून निघणाऱ्या लहरीची लांबी हळूहळू बदलत न्यायची आणि शंभरएक किलोमीटर दूर ऑक्सफर्डला आवाज किती वेळा भरला, किती वेळा विरला ते मोजायचे. लांबी बदलली की माथे जुळण्याची जागा सरकते. किती बदलात किती वेळा जुळले, यावरून दोन वाटांतला फरक निघतो. आणि फरक कळला की साध्या भूमितीने उंची. ती सुमारे ९० किलोमीटर आली. ज्याला कोणी हात लावला नव्हता, ज्याच्यापर्यंत फुगा पोचला नव्हता, त्या वस्तूची उंची या माणसाने नभोवाणीच्या आवाजातील चढउतार मोजून काढली! मी हे प्रथम वाचले तेव्हा गाडी नागोठण्याला थांबली होती. ती पुढे कधी सुटली ते मला समजले नाही.

पुढची दोन-तीन वर्षे ते याच मार्गाने चालले. १९२६-२७ च्या सुमारास, पहाटेपूर्वी खालचा थर अगदी विरळ झालेला असता काही लहरी त्याला भेदून वर जातात आणि दोनशे किलोमीटरहून अधिक उंचीवरच्या आणखी एका थरावरून परत येतात, असे त्यांना दिसले. हाच पुढे अ‍ॅपलटन थर म्हणून ओळखला गेला. थरांना त्यांनी इंग्रजी अक्षरे दिली. खालच्या परिचित थराला ई, वरच्याला एफ. याहून खाली आणखी काही निघाले तर असावीत म्हणून आधीची अक्षरे मोकळी ठेवली. त्यांपैकी डी कामाला आले. आमच्या आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर या डी थरात आहे.

ते उत्तर असे. सूर्याचे अतिनील व क्ष-किरण वरच्या विरळ हवेतील अणूंमधून इलेक्ट्रॉन मोकळे करतात, म्हणून तेथे विजेचे वहन होऊ शकते. साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरचा डी थर सर्वांत खाली. तेथे हवा त्यामानाने दाट असते. मध्यम आणि लांब लहरी त्यात शिरल्या की इलेक्ट्रॉन थरथरतात, लगेच हवेच्या कणांवर आदळतात आणि लहरीची शक्ती तेथेच जिरून जाते. म्हणून दिवसा मुंबई लागते ती जमिनीलगत येणाऱ्या लहरीने. वर गेलेली लहर परतच येत नाही. सूर्य मावळला की या दाट हवेतले इलेक्ट्रॉन भराभर पुन्हा अणूंना जाऊन मिळतात आणि डी थर जवळजवळ नाहीसा होतो. वरचे थर मात्र विरळ हवेत असल्यामुळे रात्रभर कमी-अधिक टिकतात. मधला पडदा निघाला, आरसा उघडा पडला. मग अरबस्तानातून निघालेली लहर वर जाऊन, खाली समुद्रावर टेकून, पुन्हा वर जाऊन आमच्या नारळावरच्या तारेत उतरते. कुवेत येथून पावणेतीन हजार किलोमीटर आहे. समुद्र निजत नाही; निजतो तो डी थर. आजोबा अगदीच चुकले होते असे म्हणवत नाही.

सूर्यच हे सारे करतो याची परीक्षा घेण्याची संधी अ‍ॅपलटन यांनी सोडली नाही. २९ जून १९२७ रोजी इंग्लंडमधून खग्रास सूर्यग्रहण दिसले, तेव्हा बाकीचे आकाशाकडे पाहत होते आणि हे परतणाऱ्या लहरींची उंची मोजत होते. सूर्य झाकला जाताच थरात रात्रीसारखा बदल झाला.

आता एक गोष्ट आपल्या जिल्ह्याची. कुलाब्याच्या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस हे १८९६ पासून त्या पदावर होते. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असे दिसू लागले. त्या विजेने चुंबकसूची भरकटणार, म्हणून चुंबकीय वेधांसाठी शांत जागा शोधून त्यांनी १९०४ मध्ये अलिबागला वेधशाळा उभारली. तिच्या इमारतीत लोखंड वर्ज्य आहे. ट्राम १९०७ मध्ये धावू लागल्या. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या वेधांचे मूस यांचे दोन मोठे ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. अलिबागची सूची रोज दिवसा किंचित सरकते आणि रात्री स्थिरावते. कारण उंचावरच्या ई थराच्या आसपास दिवसा विजेचे प्रवाह वाहतात. म्हणजे जो आरसा अ‍ॅपलटन यांनी आवाजावरून शोधला, त्याची चाहूल आपल्याकडे सूचीच्या टोकावर कितीतरी आधी उमटत होती. वडखळमार्गे एस.टी.ने जाऊन मी ती वेधशाळा बाहेरून पाहून आलो. आता ती ज्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत आहे तिचे मुख्यालयही आपल्याच जिल्ह्यात, नवीन पनवेलला आहे. रोज गाडीने त्या बाजूला जाणाऱ्या आमच्यातल्या किती जणांना हे ठाऊक असेल?

कलकत्त्याला शिशिरकुमार मित्र यांनी १९३० च्या सुमारास असेच प्रयोग करून भारताच्या आकाशातही हे थर मोजले. त्यांचा वरच्या वातावरणावरील ग्रंथ १९४७ मध्ये निघाला आणि जगभर वाचला गेला. अ‍ॅपलटन यांनीही १९४६ मध्ये आपल्या भागाशी संबंधित एक विचित्र गोष्ट नोंदवली. वरच्या थराची दाटी चुंबकीय विषुववृत्तावर सर्वाधिक असायला हवी; प्रत्यक्षात ती त्याच्या दोन्ही बाजूंना अधिक आढळते. हे विषुववृत्त आपल्या देशाच्या दक्षिण टोकाजवळून जाते, आणि दाटीचा उत्तरेकडचा उंचवटा गुजरातच्या आसपास येतो.

त्यांच्या पुढील आयुष्यातले मानमरातब थोडक्यात सांगतो, कारण ते कोणत्याही कोशात मिळतील. १९३६ मध्ये केंब्रिजला प्राध्यापक. १९३९ पासून ब्रिटिश सरकारच्या शास्त्रीय संशोधन खात्याचे सचिव. १९४१ मध्ये सर ही पदवी. १९४७ मध्ये वरच्या वातावरणाच्या संशोधनासाठी पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक. लहर पाठवून तिच्या परतीवरून अंतर काढणे, हीच कल्पना रडारच्या मुळाशी आहे, आणि दुसऱ्या महायुद्धात रडारने काय केले ते सर्वश्रुत आहे. १९४९ मध्ये ते एडिंबरो विद्यापीठाचे प्राचार्य झाले आणि त्या पदावर असतानाच २१ एप्रिल १९६५ रोजी, बहात्तराव्या वर्षी, वारले. इतक्या कचेऱ्या सांभाळूनही त्यांनी थरांचे काम कधी सोडले नाही.

आजोबा जाऊन सात वर्षे झाली. हे सारे त्यांना सांगायचे राहिले. ट्रान्झिस्टर मात्र अजून चालतो. तार आता रोह्याजवळच्या घरामागील आंब्यावर आहे. यंदा पौषात एका रात्री मी तो लावला तेव्हा काका जेवण आटोपून ओट्यावर आले. कुवेतहून परतल्यानंतर त्यांनी रेडिओजवळ बसलेले मी कधी पाहिले नव्हते. आखातात सात वर्षे काढल्यामुळे अरबी त्यांना समजते. एक आवाज सापडला. काका थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले की हा अरबीच आहे, मासेमारीला जाणाऱ्यांना उद्याचा वारा कसा असेल ते सांगतो आहे. मी विचारले, त्या ऑगस्टात आजोबा रोज ऐकत होते हे त्यांना केव्हा कळले? अम्मानहून घरी आल्यावर, आजीने सांगितले तेव्हा, असे ते म्हणाले.

एवढ्यात आवाज विरू लागला. काकांनी काट्याकडे हात नेला. मी त्यांना थांबवले. काही हलवू नका, तो आपोआप परत येईल, असे सांगितले. त्यांचा विश्वास बसला नसावा, पण त्यांनी हात मागे घेतला. अर्धाएक मिनिट नुसती खरखर होती. मग वाऱ्याची बातमी पुन्हा ऐकू येऊ लागली.